अडीच टक्के जड पाणी

नदीच्या एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन साधारण १००० किलो भरते, समुद्राच्या पाण्याचे १०२५. फरक अडीच टक्क्यांचा. कालव्यातून किती पाणी वाहील, पुराची पातळी पुलाला टेकेल का, सांडव्यावरून किती विसर्ग सोडावा, अशा हिशेबांत अडीच टक्क्यांकडे कोणी पाहत नाही. नदीतळाच्या खडबडीतपणाचा अंदाजच त्याहून पुष्कळ ढोबळ असतो. पण हे दोन प्रकारचे पाणी खाडीत समोरासमोर आले, की खाडीचे सगळे वागणे त्या फरकावर ठरू लागते. वरचे पाणी कोणीकडे जाईल, तळाचे कोणीकडे, गाळ कुठे बसेल, काठच्या विहिरी कुठवर मचूळ होतील, हे सारे त्यातून येते. वजनाच्या हिशेबात नगण्य असलेली गोष्ट दिशेच्या हिशेबात निर्णायक ठरते. उथळ प्रवाहांचे गणित मांडताना हा फरक कसा धरावा आणि कुठे तो सोडून दिला तरी चालते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

दहा मीटर खोल खाडी कल्पून पाहू. मध्ये उभा पडदा, एका बाजूला नदीचे पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्राचे. पडद्यावर दोन्ही बाजूंनी सारखा जोर पडायचा असेल, तर गोड्या पाण्याची पातळी सुमारे साडेबारा सेंटिमीटर वर हवी. तशी ती ठेवली की एकूण जोर सारखा होतो, पण त्याची वाटणी सारखी होत नाही. साधारण पाच मीटर खोलीपर्यंत गोड्या पाण्याचा दाब वरचढ असतो आणि त्याखाली तळापर्यंत खाऱ्या पाण्याचा. पडदा काढला की वरून गोडे पाणी समुद्राकडे निघते, तळातून खारे पाणी नदीकडे घुसते आणि दोन्ही तोंडे सेकंदाला साधारण पाऊण मीटर वेगाने सरकू लागतात. एकूण जोर शून्य, तरीही पाणी वाहते आणि तेही एकाच जागी दोन दिशांना. वाचकाने हे उदाहरण नीट मनात ठेवावे. या क्षेत्रातली जवळजवळ प्रत्येक अडचण आणि प्रत्येक मतभेद त्यातूनच निघतो.

हे पहिल्यांदा पद्धतशीरपणे दाखवले ते विशीतल्या एका इटालियन तरुणाने. लुइजी फेर्दिनांदो मार्सिली कॉन्स्टँटिनोपलला असताना बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत वरचा प्रवाह काळ्या समुद्राकडून मार्माराकडे वाहतो आणि खोलवरचा बरोबर उलटा, असे तिथल्या कोळ्यांकडून त्याच्या कानावर आले. त्याने पांढऱ्या रंगाचे बुचाचे तुकडे बांधलेली दोरी पाण्यात सोडली आणि एका खोलीनंतर ते तुकडे उलट दिशेला ओढले जाताना पाहिले. मग एका पेटीत उभी फळी घालून दोन कप्पे केले, एकात हलके व एकात जड पाणी भरले आणि फळीला वर-खाली दोन भोके पाडली. वरच्या भोकातून एका दिशेला, खालच्यातून दुसऱ्या दिशेला पाणी वाहिले. १६८१ साली त्याने हे छापले. माझ्या मते ही आपल्या विषयाची पहिली प्रतिकृती आहे, कारण सामुद्रधुनीतली वळणे, वारा, भोवरे हे सगळे बाजूला ठेवून कारण म्हणून फक्त घनतेतला फरक त्याने शिल्लक ठेवला.

उथळ पाण्याचे समीकरण मात्र या घटनेतून जन्मले नाही. ते आले भरती-ओहोटीच्या आणि कालव्यांच्या अभ्यासातून. १७७५-७६ मध्ये लाप्लासने भरतीची समीकरणे मांडली. १७८१ मध्ये लाग्रांजने दाखवले, की उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. १८७१ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, सँ-व्हनाँ या फ्रेंच अभियंत्याने कालव्यांतल्या बदलत्या प्रवाहाची समीकरणे दिली. ती आजही जगभर त्याच्याच नावाने शिकवली जातात. या सगळ्यांमागे एकच युक्ती आहे. प्रवाहाची लांबी खोलीच्या मानाने प्रचंड असेल, तर पाण्याची वर-खाली होणारी त्वरा नगण्य धरता येते. मग कोणत्याही खोलीवरचा दाब म्हणजे फक्त वरच्या पाण्याचे वजन. त्याला जोडून वेग तळापासून पृष्ठभागापर्यंत सारखाच आहे असे मानले, की उभी मिती गणितातून निघून जाते आणि प्रत्येक ठिकाणी खोली व सरासरी वेग एवढ्याच राशी उरतात. म्हणून इथे ‘उथळ’ हे विशेषण सापेक्ष आहे. तीन-चार किलोमीटर खोल अरबी समुद्रसुद्धा शेकडो किलोमीटर लांबीच्या त्सुनामीच्या लाटेपुढे उथळच ठरतो.

या युक्तीने काय काय साधले, याची यादी मोठी आहे. नोबेल मिळालेला भौतिकशास्त्रज्ञ हेंड्रिक लोरेंट्झ १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षे डच सरकारच्या समितीवर बसून, झाउडरझे हे समुद्राचे शिंगच बांध घालून तोडले तर बाहेर भरती किती चढेल, याचा हिशेब करत होता. बांध १९३२ मध्ये पुरा झाला. फुटलेल्या धरणाच्या लोंढ्याचे गणित याच समीकरणांचे आहे, आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्याची आठवण असलेल्या पुणेकरांना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बंगालच्या उपसागरातल्या वादळी लाटांचे भाकीतही याच पायावर उभे आहे. या सगळ्यांत घनता स्थिर धरली जाते आणि ते योग्यच आहे.

अडचण येते ती घनता बदलू लागल्यावर. आपल्या पडद्याच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहा. खोलीवर सरासरी घेतली तर एकूण जोर शून्य म्हणून वेग शून्य. गणित म्हणेल, पाणी स्थिर आहे. प्रत्यक्षात तिथे दुहेरी प्रवाह सुरू झालेला असतो. घनतेतल्या फरकामुळे जे घडते ते मुख्यतः उभ्या दिशेतल्या विषमतेत घडते आणि उथळ पाण्याचा सिद्धांत नेमकी तीच विषमता पुसून टाकतो. सरासरी घेणे ही या सिद्धांताची ताकद आहे आणि तीच त्याची मर्यादा. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जे संप्रदाय तयार झाले, त्यांच्यातला खरा वाद एवढाच आहे, की सरासरी घेतल्यावरही उभ्या मितीची किती आठवण शिल्लक ठेवायची. हे पुस्तक त्या प्रश्नाच्या अंगाने लिहिलेले आहे.

पहिला संप्रदाय थरांचा. पाणी एकाऐवजी दोन थरांचे माना, प्रत्येक थराची घनता स्थिर, प्रत्येकाचा स्वतःचा वेग आणि जाडी. १८४७ मध्ये स्टोक्सने दोन द्रवांच्या सीमेवर उठणाऱ्या लाटांचा विचार केला होता, पण या लाटा किती खऱ्या आहेत हे कळले ते आर्क्टिकमध्ये. १८९३ साली सायबेरियाच्या किनाऱ्याजवळ नान्सेनचे ‘फ्राम’ जहाज शांत पाण्यात अचानक जड झाल्यासारखे मंदावले. वितळलेल्या बर्फाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर पसरला होता आणि जहाजाची शक्ती त्या दोन थरांमधल्या अदृश्य सीमेवर लाटा उठवण्यात खर्च होत होती. व्हाग्न एकमान या तरुण स्वीडिश संशोधकाने टाकीत प्रयोग करून १९०४ मध्ये हे सिद्ध केले. या अंतर्गत लाटा विलक्षण मंद असतात. आपल्या दहा मीटरच्या खाडीत पृष्ठभागावरची लांब लाट सेकंदाला जवळपास दहा मीटर धावते. पाच-पाच मीटरच्या दोन थरांमधली लाट फक्त पाऊण मीटर. खाडीतल्या भरतीचा प्रवाहही साधारण याच मापाचा असतो. म्हणजे पृष्ठभागावरून संथ दिसणारी खाडी आतून धबधब्याच्या उंबरठ्यावर असू शकते. अरुंद तोंडापाशी किंवा तळाच्या उंचवट्यावर दोन थरांचा प्रवाह ‘अडतो’ आणि किती मीठ आत येईल हे तिथे ठरते. बॉस्फरस आणि जिब्राल्टर यांचा अभ्यास याच वाटेने पुढे गेला.

थरांच्या या सुंदर चित्रात एक खोल भेग आहे. दोन थरांच्या वेगांतला फरक एका मर्यादेपलीकडे गेला (आपल्या खाडीत सेकंदाला सुमारे दीड मीटर), की समीकरणांतून निघणारे तरंगवेग वास्तव संख्या राहत नाहीत, संमिश्र होतात. गणिती भाषेत समीकरणे हायपरबोलिक राहत नाहीत. ढोबळपणे सांगायचे तर पुढे काय होईल हे ती सांगू शकत नाहीत. अनेक पाठ्यपुस्तके याला संख्यात्मक पद्धतीचा दोष समजून बाजूला सारतात. मला हे पटत नाही. त्या क्षणी निसर्गातही सीमा फुटते, तिथे भोवऱ्यांच्या रांगा उठतात आणि थर एकमेकांत मिसळू लागतात. ‘दोन स्वच्छ थर’ हे गृहीतच तिथे संपलेले असते आणि समीकरण ते प्रामाणिकपणे सांगत असते. मग मधला तिसरा थर धरायचा, की घर्षण व मिश्रण वाढवून वेगांतला फरक मर्यादेत आणायचा, हा निवडीचा प्रश्न उरतो; त्यावर पुस्तकात बरीच पाने खर्च झाली आहेत.

दुसरा संप्रदाय उलट बाजूने येतो. उभ्या दिशेत पाणी पुरते मिसळलेले आहे, घनता फक्त आडव्या दिशेत बदलते असे तो मानतो. मग उथळ पाण्याच्या समीकरणांत मीठ, उष्णता किंवा गाळ यांच्या वहनाचे आणखी एक समीकरण जोडायचे आणि दाबाच्या पदात खोलीच्या वर्गाबरोबर बदलती घनताही ठेवायची. मेक्सिकोतल्या एन्सेनादा इथे काम करणाऱ्या पेद्रो रिपाने १९९३ मध्ये महासागराच्या वरच्या थरासाठी अशा समीकरणांची बैठक पक्की केली. आज गणितज्ञ त्यांना रिपा प्रतिमान म्हणूनच ओळखतात. ही समीकरणे वापरायला सोयीची आणि संगणकाला हलकी असतात. जोरदार भरतीने घुसळून निघणाऱ्या उथळ खाड्यांत ती चांगले काम देतात. पण आपला पडदा इथेही समोर येतो. एका बाजूला दहा मीटर खारे पाणी, दुसऱ्या बाजूला साडेबारा सेंटिमीटर जास्त गोडे पाणी ही या समीकरणांची अचूक स्थिर अवस्था आहे. गेल्या दोन दशकांतल्या शोधनिबंधांत ही अवस्था तसूभरही न हलवणाऱ्या संख्यात्मक पद्धती मोठ्या कौशल्याने रचल्या गेल्या आहेत. समीकरणाशी प्रामाणिक राहण्यासाठी त्या हव्यातच. पण ही शांतता समीकरणाची आहे, पाण्याची नाही, हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे. मिश्रण जोरदार असेल तिथे या उणिवेची भरपाई मिठाच्या वाढीव पसरण-गुणांकाने करता येते. ते नसेल तिथे हे प्रतिमान वापरू नये.

या दोहोंच्या मध्ये खाड्यांचे अभ्यासक उभे आहेत. कोपनहेगनच्या मार्टिन क्नुडसेनने १९०० साली पाणी आणि मीठ या दोहोंचा ताळेबंद मांडून, वरच्या व खालच्या थराची क्षारता मोजली की दोन्ही प्रवाह काढता येतात, हे दाखवले. १९५० च्या दशकात डोनाल्ड प्रिचर्डने अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात आणि जेम्स नदीच्या मुखात मापे घेऊन दुहेरी प्रवाहाचे चित्र स्पष्ट केले, आणि १९६५ मध्ये हॅन्सन व रॅट्रे यांनी त्याचे गणित दिले. त्यांची युक्ती मला फार आवडते. सरासरी वेग घ्या, पण वेगाचा उभा आकार फेकून देऊ नका. दाबाची वाटणी आणि घर्षण यांच्या तोलातून तो आकार आधीच काढून ठेवा आणि सरासरीच्या समीकरणाला जोडा. पुसलेल्या मितीची आठवण एका सूत्रात जपायची ही रीत आजही सर्वांत किफायतशीर आहे. तिची अट एकच, खाडी जवळजवळ स्थिर अवस्थेत हवी. या अटीकडे पुढे कोकणात यावेच लागेल.

मिठाइतकाच गाळही पाण्याला जड करतो. एक घनमीटर पाण्यात सुमारे चाळीस किलो गाळ मिसळला, की ते समुद्राच्या पाण्याइतके जड होते. उष्णता त्या मानाने सौम्य. वीस अंशांवरून तीस अंशांवर तापलेले पाणी घनमीटरमागे जेमतेम अडीच किलोने हलके होते. जिनिव्हा सरोवरात शिरणारे ऱ्होन नदीचे गढूळ थंड पाणी तळाशी घळ कोरत जाते, हे फोरेलने १८८५ मध्येच नोंदवले होते. १९३५ मध्ये हूवर धरणाच्या नव्या जलाशयात गढूळ पाणी तळातून सरकत थेट भिंतीपर्यंत पोहोचले आणि वरचे पाणी मात्र नितळ राहिले. १९२९ च्या भूकंपानंतर न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात तारायंत्राच्या केबली एकामागून एक तुटत गेल्या; तळावरून धावणाऱ्या गाळाच्या लोंढ्याने त्या तोडल्या होत्या, हा उलगडा १९५२ मध्ये झाला. अशा प्रवाहांत वरच्या स्वच्छ पाण्यातून किती पाणी आत ओढले जाते, याचे सूत्र एलिसन आणि टर्नर यांनी १९५९ मध्ये प्रयोगांतून दिले. गाळाची गंमत अशी, की तो तळातून उचलला जातो आणि तळावर बसतोही. प्रवाह आपले जडपण स्वतःच कमावतो आणि गमावतो. मिठाला हे जमत नाही. म्हणून गाळाच्या प्रवाहांना स्वतंत्र भाग दिला आहे.

आजच्या त्रिमितीय संगणकीय प्रतिमानांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यांच्यावर इंग्रजीत भरपूर साहित्य आहे. तीही बहुतेक जलस्थितिक दाबच मानतात, म्हणजे उथळ पाण्याच्या सिद्धांताची मोठी भावंडेच आहेत. पण त्रिमिती आली म्हणून प्रश्न मिटला असे समजणे चुकीचे आहे. तळाच्या उताराला धरून थर पाडले, की दाबाच्या हिशेबात दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी येते आणि तिच्यातली किरकोळ चूक खोटे प्रवाह निर्माण करते.

हाच धोका उथळ प्रतिमानांच्या संख्यात्मक बाजूलाही आहे. कुरान्ट, फ्रीड्रिख्स आणि ल्यूई यांनी १९२८ मध्ये काळाचे पाऊल किती मोठे टाकता येईल याची मर्यादा सांगितली. गोदुनोव्हने १९५९ मध्ये उसळत्या, तुटक प्रवाहांसाठी मार्ग दिला. दोन्ही पाया आहेत, पण घनतेच्या बाबतीत खरी कसोटी स्थिर पाण्याची असते. खाडीच्या तळाला अनेक मीटरांचे चढउतार असतात आणि घनतेमुळे आलेला पृष्ठभागाचा उतार पन्नास किलोमीटरमागे बारा सेंटिमीटर. तळाच्या उताराचे पद आणि दाबाचे पद यांचा तोल अगदी नेमका साधला नाही, तर उरलेली चूक ज्या परिणामासाठी गणित करतो आहोत त्यालाच गिळून टाकते. १९९० च्या दशकात बर्मुदेझ आणि व्हाझकेझ, ग्रीनबर्ग आणि ल रू यांनी हा तोल पद्धतीतच बांधायचा विचार मांडला. त्यापुढची अडचण जास्त सूक्ष्म आहे. दोन थरांच्या प्रवाहात तीव्र उडी आली, तर एक थर दुसऱ्यावर किती जोर देतो हे त्या उडीच्या आत सीमा कशी वळते यावर अवलंबून राहते, आणि उडीच्या आतले चित्र तर आपण सरासरीत गमावलेले असते. मग निरनिराळ्या गृहीतांतून उडीचे निरनिराळे वेग मिळतात. गणितज्ञांनी यासाठी ‘मार्ग’ निवडण्याचा सिद्धांत रचला. कोणता मार्ग खरा, हे मात्र पाण्यालाच विचारावे लागते.

आता आपल्या किनाऱ्याकडे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात १९१६ पासून पाण्याच्या प्रवाहांचा अभ्यास होतो आहे, आणि गोव्याच्या दोना पावल इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून काम करते आहे. मांडवी आणि जुवारी यांचा अभ्यास भारतातल्या कोणत्याही खाड्यांच्या तुलनेत सखोल झाला, तो या संस्थेमुळे. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले, की मुखापासून सुमारे चाळीस किलोमीटर आतपर्यंत भरतीची उंची जवळजवळ तशीच राहते आणि पुढच्या दहाएक किलोमीटरांत झपाट्याने मावळते. खाडी आत निमुळती होत जाते म्हणून भरती चढायला हवी, घर्षणामुळे उतरायला हवी. दोन्ही एकमेकांना तोलून धरतात. इथवर स्थिर घनतेचे गणित पुरते.

मिठाचा प्रश्न वेगळा आहे. सह्याद्रीतून निघून थोड्याच अंतरात समुद्राला मिळणाऱ्या या नद्या जून ते सप्टेंबर दुथडी भरून वाहतात आणि डिसेंबरनंतर जवळजवळ आटतात. पावसाळ्यात गोडे पाणी मुखापर्यंत येते, खारे पाणी तळाशी चेपले जाते, थर स्पष्ट दिसतात. पाऊस ओसरला की मीठ महिनोन्महिने हळूहळू आत चढत राहते आणि ते कुठे स्थिरावण्याआधीच पुढचा पाऊस येतो. म्हणजे चेसापीकच्या मापांवर बेतलेले स्थिर अवस्थेचे गृहीत इथे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात नीट लागू पडत नाही. त्यात पंधरवड्याची लय आहे. उधाणाच्या दिवसांत जोरदार प्रवाह पाणी घुसळतात, भांगाच्या दिवसांत ते मंदावतात आणि थर पुन्हा बसतात. एकाच खाडीला पावसाळ्यात थरांचे प्रतिमान हवे, उन्हाळ्यातल्या उधाणाला मिसळलेल्या पाण्याचे, आणि मधल्या काळात एकातून दुसऱ्यात जाण्याची सोय. पाश्चात्त्य पुस्तकांतून शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट कुठेच लिहिलेली सापडत नाही, हे पुस्तक मराठीत लिहिण्याचे पहिले कारण आहे.

वाशिष्ठीचे उदाहरण तर याहून विशेष. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून त्यावर वीज तयार होते आणि अवजल वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने या वळणासाठी ठरवलेली मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी आहे. सरासरी काढली तर सेकंदाला साठ घनमीटर. शेजारच्या नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडत असताना दाभोळच्या खाडीत बारमाही गोडे पाणी उतरते, तेही विजेच्या मागणीनुसार कमी-जास्त होत. घनतेच्या प्रवाहांच्या अभ्यासकाला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण. अवजल उचलून दुसरीकडे नेण्याच्या योजनांची चर्चा होते तेव्हा पाणी किती, खर्च किती, एवढेच विचारले जाते. ते पाणी गेल्यावर मीठ कुठवर चढेल हा प्रश्न त्याच पंक्तीत बसायला हवा. म्हादईच्या पाणीवाटपाबाबतही माझे हेच म्हणणे आहे. खाजणांच्या मानशी आणि खारबांधांच्या उघाड्या (भरतीचे पाणी अडवणारी दारे) सांभाळणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने थोडेफार ठाऊक असते. नदीचा प्रवाहच बदलला की तो अनुभव अपुरा पडतो, आणि गणिताचे काम तिथून सुरू होते.

जगभर हे काम तातडीचे झाले आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीचा प्रवाह इतका घटला की समुद्राचे पाणी तळातून न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने चढू लागले. अभियंत्यांनी नदीच्या पात्रात, पाण्याखाली, तळावर आडवा बांध घातला. मीठ त्यावरून जाऊ लागले तेव्हा तो आणखी उंच केला. वरून जहाजे आणि गोडे पाणी जात राहिले. खोलीची सरासरी घेणाऱ्या प्रतिमानाला हा उपाय कधीच सुचला नसता, कारण त्याच्या लेखी मीठ तळाशी नसतेच. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात २०१६ आणि २०२० मध्ये खाऱ्या पाण्याने भातशेतीचे मोठे नुकसान केले. मुंबईत मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प होऊ घातला आहे. त्यातून परत जाणारे पाणी समुद्राहूनही खारे, म्हणून तळाला धरून पसरणारे असेल. उलट तारापूरसारख्या केंद्रातून बाहेर पडणारे कोमट पाणी पृष्ठभागावर पसरते. दोन्हींचे गणित एकाच पुस्तकातले आहे. आणि ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत दरीतून आलेला लोंढा किंवा ३० जुलै २०१४ ला माळीण गाव गाडणारा चिखल पाहिला, की घनतेतला फरक अडीच टक्क्यांवर थांबत नाही हेही ध्यानात येते. तिथे घनता दीडपट-दुप्पट होते आणि सौम्य फरकासाठी केलेल्या सोप्या गृहीतांना (विशेषतः बुसिनेस्कच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, जडत्वात घनता स्थिर धरणाऱ्या) निरोप द्यावा लागतो.

या पुस्तकाची चौकट मुद्दाम लहान ठेवली आहे. एक थर, दोन थर, गाळाचा तळप्रवाह आणि उभा आकार जपणारे सरासरीचे प्रतिमान, एवढेच इथे आहे. खळबळीच्या सूक्ष्म सिद्धांतात ते शिरत नाही आणि कोणत्याही संगणक-प्रणालीची हातपुस्तिका होण्याचा प्रयत्न करत नाही. वाचकाला आंशिक विकलक समीकरणांची तोंडओळख असावी. पदव्युत्तर गणिताचा विद्यार्थी आणि पाटबंधारे वा बंदर खात्यातला अभियंता हे दोघे मी समोर धरले आहेत. पहिल्याला समीकरण सुटले की समाधान होते, दुसऱ्याला उत्तराचा आकडा मिळाला की. दोघांनाही मी प्रत्येक प्रतिमानाबाबत तेच तीन प्रश्न विचारायला लावले आहेत: सरासरी घेताना नेमके काय गेले, ते कोणत्या खाडीत कोणत्या दिवशी महत्त्वाचे ठरते, आणि ते महत्त्वाचे ठरले हे कोणते माप घेतल्यावर कळेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी सारखेच येते. भरतीच्या पूर्ण फेऱ्यात, एकाच जागी, पृष्ठभागापासून तळापर्यंत क्षारता आणि वेग दोन्ही मोजा. नुसती पृष्ठभागावरची क्षारता घेऊन तपासलेले प्रतिमान, आकडे कितीही जुळले तरी, तपासलेले नसते.

एक मोठा प्रश्न मी उघडा ठेवला आहे. थर बसणे आणि थर मोडणे यांतली ये-जा, जी आपल्या खाड्यांत दर पंधरवड्याला घडते, ती एकाच साध्या प्रतिमानात सामावणारे सर्वमान्य सूत्र आज कोणाकडे नाही. दोन थरांच्या सीमेवर किती पाणी मिसळते, याची प्रयोगशाळेतली सूत्रे शांत, स्थिर प्रवाहांतून आलेली आहेत. सहा तासांनी दिशा बदलणाऱ्या, खालून घर्षणाने आणि वरून वाऱ्याने ढवळल्या जाणाऱ्या पाण्याला ती लावताना प्रत्येक जण आपल्या अंदाजाने गुणांक निवडतो. शेवटच्या भागात मी माझी निवड कारणांसह मांडली आहे आणि ती कुठे अपुरी पडते तेही दाखवले आहे. तिची परीक्षा घ्यायची तर दाभोळच्या खाडीत भांगाच्या अष्टमीपासून उधाणाच्या पौर्णिमेपर्यंतची सलग मापे लागतील, एकदा अवजल पुरे सुटत असताना आणि एकदा ते थांबलेले असताना.